जुन्या डिझेल मर्सिडीज खरंच जास्त टिकाऊ होत्या का? आज घ्यायची तर कुठली घ्यावी?

प्रश्न असा आलाय. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. घरी चुलत्यांची ९६ ची मर्सिडीज ई२५०डी, म्हणजे डब्ल्यू१२४ कोडची, शेडमध्ये उभी आहे आणि अजून चालू आहे. एक डीलर दिल्लीवरून २०१२ ची ई३५० सीडीआय बऱ्याच कमी भावात आणून देतो म्हणतोय, आणि मुंबईत २०२० ची सी२२०डी, बीएस६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमातली, बघून ठेवलीय. चुलते म्हणतात जुन्या गाड्या लोखंडाच्या होत्या, आताच्या सगळ्या सेन्सरवर, एक सेन्सर गेला की गाडी क्रेनवर. मग भरवशाची कुठली?

माझं अंबडला गॅरेज आहे आणि जर्मन डिझेल हेच मुख्य काम, त्यामुळे तिन्ही प्रकारच्या गाड्या रोज हाताखालून जातात. चुलते चुकीचं सांगत नाहीयेत, पण अर्धंच सांगतायत. जुनी आणि नवी अशा दोन पिढ्या धरल्या की तिथंच हिशोब चुकतो, कारण पिढ्या तीन आहेत, आणि माणूस बुडतो तो जास्त करून मधल्या पिढीत.

आधी चुलत्यांची गाडी घेऊ. मर्सिडीजने टेल्कोबरोबर, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सबरोबर, पिंपरीला ९५ ला गाड्या जुळवायला सुरुवात केली तेव्हा जी डब्ल्यू१२४ आली त्यातली ही. इंजिनाचा कोड ओएम६०२, अडीच लिटर, पाच सिलेंडर, टर्बो नाही, पॉवर नव्वदच्या थोडी वर. त्या आधीचं डब्ल्यू१२३ मधलं ओएम६१७ पण त्याच घराण्यातलं, तीन लिटर पाच सिलेंडर. ही इंजिनं टिकली याचं कारण सोपं आहे, त्यांच्याकडून काम फार कमी घेतलं जायचं. अडीच लिटरच्या लोखंडी ब्लॉकमधून नव्वद हॉर्सपॉवर काढायची म्हणजे इंजिनाला आयुष्यात कधी धापच लागत नाही. डिझेल फवारणारं नोझल उघडायचा प्रेशर शंभर-सव्वाशे बार, डिझेल ढकलणारा पंप पूर्ण मेकॅनिकल, एकदा इंजिन चालू झालं की करंट नसला तरी ते चालत राहतं. डिझेलमध्ये थोडी घाण गेली तर धूर काढेल, खडखड करेल, पण घरी आणून सोडेल. आणि नाशिकला तर अशा पंप-नोझलचं काम जाणणारी माणसं कायमच आहेत, सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखानाच नोझल आणि इंजेक्टरचा आहे, तिथं नोकरी करून बाहेर पडलेले किती तरी जण आज कॅलिब्रेशनची कामं करतात.

इंटरनेटवर त्या ग्रीक टॅक्सीचा फोटो सगळ्यांनी बघितला असेल, ४६ लाख किलोमीटर चाललेली २४०डी, मर्सिडीजच्या म्युझियममध्ये ठेवलीय. लोक तो फोटो दाखवून म्हणतात बघा इंजिन. पण त्या माणसाने इंजिनं अनेक वेळा बदलली होती, एक उतरवायचं, दुसरं चढवायचं, उतरवलेलं दुरुस्त करून ठेवायचं. त्या गाडीतून शिकायचं ते हेच की ती खोलायला, बदलायला आणि परत उभी करायला सोपी होती, म्हणून एवढी चालली. टिकणं आणि दुरुस्त होणं या दोन गोष्टी जुन्या गाडीत एकच होत्या, आता त्या वेगळ्या झाल्यात.

आणि जुनं ते सगळं सोनं असं पण नाही हं. डब्ल्यू१२४ नंतर आलेली डब्ल्यू२१० घ्या, डिझेल इंजिन चांगलं पण पत्रा असा गंजायचा की पुढच्या स्प्रिंगचं जिथं बसकण असतं तेच तुटायचं. त्यानंतरच्या डब्ल्यू२११ मध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेक आणले, एसबीसी नावाचे, त्यासाठी २००४ आणि २००५ ला जगभरातून लाखो गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ च्या फेसलिफ्टला ती सिस्टीमच काढून टाकली. म्हणजे कुठल्या सालची आणि कुठलं इंजिन हे सांगितल्याशिवाय जुनी चांगली म्हणण्याला काही अर्थ नाही.

चुलत्यांच्या गाडीचं आजचं दुखणं इंजिन नाहीच. तीस वर्षांत रबर मरतं. इंजिन माउंट, लोअर आर्मचे बुश, व्हॅक्यूमच्या नळ्या, डिझेलच्या रिटर्नचे छोटे पाइप, दारांचे सील. जुन्या डिझेल मर्सिडीजला व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, इंजिन बंद होतं, सेंट्रल लॉक व्हॅक्यूमवर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याच्या शिफ्टला पण व्हॅक्यूम लागतो, त्यामुळे एक नळी चिरली की लोक गिअरबॉक्स खोलायला निघतात. हीटर प्लग कमजोर झाले की निफाड-दिंडोरीच्या थंडीत पारा पाच-सहावर आला की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. ही सगळी कामं होण्यासारखी आहेत, पण पार्ट मागवायचा, पंधरा दिवस वाट बघायची, मग पुढचा पार्ट मागवायचा असं चालतं. रोजच्या वापराला ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्यानेच हे करावं. आणि १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू आणि ग्रीन टॅक्स आहेच. सेफ्टीचं पण बोललं पाहिजे, डब्ल्यू१२४ तिच्या काळात फार पुढची होती, पण घरच्यांना घेऊन हायवेला रात्री जायचं तर आजच्या गाडीतल्या एअरबॅग आणि गाडी घसरू न देणाऱ्या ईएसपीला तोड नाही, इथं मी भावनेत जात नाही.

आता मधली पिढी, साधारण २००४-०५ पासून २०१५ पर्यंतच्या गाड्या. यातच ती दिल्लीची ई३५० सीडीआय येते. कॉमन रेल, म्हणजे एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरना जास्त प्रेशरचं डिझेल, ती तर ९७-९८ पासूनच आली होती, पण या दहा वर्षांत सगळ्या कंपन्यांची पॉवर वाढवायची शर्यत लागली. प्रेशर १३५० बारवरून २००० बारपर्यंत गेला, विजेच्या क्रिस्टलवर उघडणारे पिझो इंजेक्टर आले, इंजिनात जाणारी हवा फिरवणारे स्वर्ल फ्लॅप, परत इंजिनात सोडलेला धूर गार करणारा ईजीआर कूलर, व्हेरिएबल टर्बो, एअर सस्पेन्शन, सात स्पीड गिअरबॉक्स आणि त्याच्या पोटातच बसवलेला कंट्रोलर. सगळं एकदम आलं आणि सगळंच पहिल्या खेपेचं होतं. मर्सिडीजच्या ओएम६५१ इंजिनाचे सुरुवातीचे पिझो इंजेक्टर एवढे त्रासाचे निघाले की कंपनीला नंतर साधे सोलेनॉइडवाले द्यावे लागले. बीएमडब्ल्यूच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे, म्हणजे चेन आणि गाइड बदलायचं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात जात नाही, आणि २००७ ते ११ च्या गाड्यांत नेमकी तीच चेन झिजायची. त्यांच्याच आधीच्या एम५७ इंजिनात इनटेकमधले फ्लॅप तुटून इंजिनात जायचे, माहीतगार माणसं ते काढून बंदच करून टाकायची.

ई३५० सीडीआय मधलं ओएम६४२, तीन लिटर व्ही६, हे मूळचं दणकट इंजिन आहे, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण त्याचा ऑइल कूलर सिलेंडरच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत बसवलाय, टर्बोच्या खाली, आणि त्याचे सुरुवातीचे सील उष्णतेने कडक होऊन ऑइल गळायला लागतं. सील किमतीला काहीच नाहीत, पण तिथपर्यंत पोहोचायला टर्बो, इनटेक, सगळं उतरवावं लागतं, दोन-तीन दिवसांची मजुरी. स्वर्ल फ्लॅपची मोटर पण तिथंच खाली, ऑइल गळून तिच्यावर पडलं की तीही जाते. हे एकदा नीट करून घेतलेली गाडी असेल तर पुढे कितीतरी चालते. न केलेली असेल तर ते तुम्हाला करायचंय, आणि डीलर स्वस्तात देतोय त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दिल्लीच्या गाड्यांचं सगळ्यांना माहीत आहेच, १० वर्षांवरच्या डिझेलला तिथं एनजीटीच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाच्या, २०१५ च्या आदेशाने बंदी आली, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच धरलं, नंतर नियम मागेपुढे होत राहिले. त्यामुळे तिथले मालक सातव्या-आठव्या वर्षापासूनच गाडीवर खर्च करणं बंद करतात, विकायचीच आहे तर गिअर ऑइल कशाला बदला, ही त्यांची बाजू समजू शकते पण त्याचं बिल पुढचा भरतो. तुमची तर २०१२ ची आहे, म्हणजे आधी कागद बघा, रजिस्ट्रेशन रद्द झालेलं नाही ना, एनओसी खरंच मिळतेय का, आणि महाराष्ट्रात आणल्यावर इथला रोड टॅक्स परत भरायचाय तो धरून एमएच १५ नंबर पडेपर्यंत किती जातात. हे सगळं बेरीज केलं की स्वस्तात मिळालेली गाडी तेवढी स्वस्त राहत नाही.

गिअर ऑइलवरून आठवलं, मधल्या पिढीत बऱ्याच कंपन्यांनी ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम आहे म्हणून सांगितलं. पण झेडएफ, जी कंपनी बीएमडब्ल्यू आणि इतरांना गिअरबॉक्स देते, ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. मी तर म्हणतो नाशिक-मुंबई कसारा घाट ज्याचा नेहमीचा आहे त्याने ८० च्या आतच बदलावं. सेकंडहँड गाडीच्या फाइलमध्ये गिअर ऑइलचं बिल सापडलं तर समजायचं आधीच्या माणसाने गाडी सांभाळलीय, हे एक बिल मला बाकीच्या दहा बिलांपेक्षा जास्त सांगतं.

आता तिसरी, बीएस६. १ एप्रिल २०२० पासून सगळ्यांना सक्तीचं झालं पण मर्सिडीजने २०१८ पासूनच बीएस६ गाड्या आणल्या होत्या. सी२२०डी मध्ये ओएम६५४, दोन लिटर, १९४ हॉर्सपॉवर, ४०० एनएम. चुलत्यांच्या अडीच लिटरपेक्षा छोटं इंजिन आणि दुपटीने ताकद, तेव्हा ते नाजूक असणार असं वाटतं. पण इंजिन म्हणून मला हे मधल्या पिढीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं, मनापासून सांगतो. पहिल्या खेपेत जे त्रास झाले ते त्यांनी बघितले आणि इंजिन नव्याने आखलं. नीट ऑइल बदललेलं ओएम६५४ आतून मोठ्या बिघाडाने आलं असं मी क्वचित बघतो.

त्रास आहे तो इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या लायनीत. डीपीएफ, ॲडब्लू, आणि धुरातला नॉक्स हा विषारी वायू मोजणारा सेन्सर. आणि हा त्रास गाडीच्या वयापेक्षा तुमच्या वापरावर ठरतो, हेच लोकांना शोरूममध्ये कोणी समजावून सांगत नाही. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी, ती भरत आली की गाडी स्वतः जादा डिझेल टाकून ६०० डिग्रीच्या आसपास ती काजळी जाळते. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळती लागते. कॉलेज रोडवरून निघाले, सीबीएसला अडकले, द्वारका सर्कलला उभे, आठ किलोमीटरला पाऊण तास आणि गाडी बंद, असं रोज झालं तर जाळणं अर्ध्यात तुटतं, परत सुरू होतं, परत तुटतं. न जळालेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला की हे चाललंय. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो आणि चेन चालवायची म्हणजे चांगल्या इंजिनाची आपण हाताने वाट लावतोय.

गाडी उभी असताना आयडल नेहमीपेक्षा थोडा वर, बंद केल्यावर पण फॅन जोरात चालू, करपल्यासारखा वास, ही खूण दिसली तर घराच्या गेटमधून परत वळा आणि गाडी पळवून आणा. आठवड्यातून एकदा आग्रा रोडने पिंपळगावपर्यंत जाऊन यायचं, गिअर असा की २००० आरपीएमच्या आसपास राहील, बास एवढंच. तुमची बाग दिंडोरीला आहे म्हणजे हे आपोआप होतंय, म्हणून तुम्हाला बीएस६ डिझेल चालेल. ज्याचं रोजचं घर ते सातपूर आणि परत एवढंच आहे त्याला मी लक्झरी डिझेल घेऊच नका सांगतो, पेट्रोल घ्या.

ऑइलचा मुद्दा तर फार महत्त्वाचा आणि गावाकडे सगळ्यात जास्त चूक इथं होते. डीपीएफवाल्या गाडीला कमी राख करणारं ऑइल लागतं, मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२ अप्रूव्हल, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ ०४. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. चुलत्यांच्या गाडीत जे साधं १५डब्ल्यू४० ऑइल टाकता तेच उरलंय म्हणून सी२२०डी मध्ये टॉपअप केलं तर गाडी त्या दिवशी काहीच बोलणार नाही, दोन-तीन वर्षांनी डीपीएफचं लाखांतलं कोटेशन हातात येईल. आणि मीटरवर २० हजार दाखवतंय म्हणून तिथपर्यंत थांबू नका, आपल्याकडची धूळ आणि ट्रॅफिक बघता १० हजारला किंवा वर्षाला बदला, जे आधी येईल ते.

ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी, धुरातला नॉक्स कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात तो. आपल्याला तो गोठायची भीती नाही, तो उणे ११ ला गोठतो, आपला प्रश्न उन्हाचा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये कॅन मे महिनाभर तापला की तो खराब होतो. सीलबंद चांगल्या कंपनीचा घ्या, घेतलेला सगळा वापरून टाका, आणि खताच्या युरियातून घरी बनवून देणाऱ्यांकडे चुकूनही जाऊ नका, त्यातल्या क्षारांनी इंजेक्टर चोंदतो. ॲडब्लूची चूक झाली की गाडी अमुक किलोमीटरनंतर स्टार्ट होणार नाही असं काउंटडाउन दाखवते. चुलते क्रेन म्हणतात ती इथून येते. इंजिनला काही झालेलं नसतं, पण प्रदूषणाची यंत्रणा बंद म्हणून गाडी अडून बसते.

बागायतदार लोकांना अजून दोन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे ट्रॅक्टरसाठी शेडमध्ये जे डिझेलचं बॅरल असतं त्यातलं डिझेल या गाडीत टाकू नका. बॅरलमध्ये तळाला पाणी साठतं, गंज असतो. डब्ल्यू१२४ ते पचवते. २००० बारवर चालणाऱ्या पंपाला डिझेल हेच वंगण आहे, पाणी आलं की पंप आतून झिजतो आणि त्याची लोखंडी पूड रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन, टाकी सगळीकडे फिरते, मग एकट्या पंपावर भागत नाही. अशी एक गाडी मागे गॅरेजला आली होती, मालकाचे एका कॅनचे पैसे वाचले होते आणि दुरुस्तीच्या खर्चात दुसरी छोटी गाडी आली असती. दुसरी गोष्ट उंदीर. शेतावर, बंगल्यात, गाडी चार दिवस उभी राहिली की वायरिंग कुरतडतात. जुन्या गाडीला वायरी मोजक्या, जोडून मोकळं होता येतं. नव्या गाडीत कंट्रोलर एकमेकांशी त्याच वायरींवरून बोलतात, एक कुरतडली तर डॅशबोर्डवर दहा वॉर्निंग येतात आणि माणूस घाबरून दहा पार्ट बदलायला तयार होतो. आधी बॉनेट उघडून बघा, आणि बॅटरीचा व्होल्टेज बघा. कमजोर बॅटरीने पण असेच खोटे एरर येतात, आणि बॅटरी बदलली की बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरने नोंदवावी पण लागते.

रस्त्याचं पण थोडं. डब्ल्यू१२४ ला १९५/६५ आर१५ टायर, खड्डा टायरच पिऊन टाकतो. आता १७-१८ इंची रिम आणि पातळ साइडवॉल, पावसाळ्यात मुंबई हायवेला रिम वाकते, टायर फुगतो. हवा गेली तरी थोडं चालणारा रनफ्लॅट टायर असेल तर स्टेपनी नसते, रात्री इगतपुरीच्या पुढे अडकलात तर फोनच करावा लागतो. याला गाडी बिनभरवशाची म्हणता येणार नाही पण रस्त्यात थांबायला लागतं हे खरंच आहे. शक्य असेल तिथं कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला छोट्या रिमचा साइज लावा.

मुंबईची सी२२०डी बघायला जाल तेव्हा डीलरला आदल्या रात्रीच सांगा की इंजिन गार पाहिजे, मी येईपर्यंत स्टार्ट करायची नाही. बॉनेटला हात लावून गरम लागली तर परत या. गार स्टार्टला पहिली काही सेकंद चेनचा खडखड येतो का ऐका. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचं तोंड आतून स्वच्छ असतं, बोट काळं झालं तर डीपीएफ फुटलाय नाहीतर आतून पोकळ केलाय, अशी गाडी सोडून द्या. स्कॅनर लावताना नुसतं इंजिन नाही, सगळे कंट्रोलर वाचायला लावा, कारण फिरवलेला मीटर बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्या तरी कंट्रोलरमध्ये खरा आकडा ठेवून जातो. डीपीएफमधली काजळी किती, राख किती, शेवटचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, किती किलोमीटरपूर्वी झालं, इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू, म्हणजे कंट्रोलर डिझेल किती कमीजास्त करतोय तो आकडा, सगळ्या सिलेंडरची जवळपास सारखी आहे का, हे लिहून घ्या. चॅसी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी मागा. मुंबईची गाडी आहे म्हणून कार्पेट उचलून सीटखालचे बोल्ट आणि कनेक्टर बघाच, पावसात पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून चकाचक करून विकतात.

हे सगळं नीट निघालं तर तुमच्या वापराला सी२२०डी घ्या, माझं स्पष्ट मत. दिल्लीची ई३५० सोडा, तीच गाडी नाशिक-पुण्यातल्या एकाच मालकाची, ऑइल कूलर सील आणि गिअर ऑइलच्या बिलांसकट मिळाली असती तर मी वेगळं बोललो असतो. आणि चुलत्यांची ई२५०डी विकू नका. तिचं सगळं रबर एकदा बदलून घ्या, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल फिल्टर नवीन टाका, आणि दर रविवारी चुलत्यांनाच चालवायला द्या, उभी ठेवली तरच ती खराब होईल. स्कॅन रिपोर्ट हातात आला की त्यातले डीपीएफ आणि इंजेक्टरचे आकडे इथं टाका, बघून सांगतो.